पहिल्या तोड्याच्या भेंडीचं बी धरतोय, तरी पीक लवकर येत नाही. काय चुकतंय?

दत्ता_विहिरीचामळा (इंदापूर तालुका)
९ ऑगस्ट, रात्री ९:४०

रामराम मंडळी.

आमच्याकडे गावठी भेंडी आहे. आई लग्न होऊन आली तेव्हा माहेरचं बी पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं, असं सांगायची. सात धारी, फिकट हिरवी, अंगावर लव असते. तोडताना हाताला खाज सुटते, बायको रोज मला शिव्या देते. पण बुधवारच्या बाजारात वीसेक गिऱ्हाइकं अशी आहेत की हीच भेंडी मागतात, नसली तर रिकाम्या पिशवीनं जातात.

अडचण एकच. ही उशिरा येते. शेजारच्या रानात हायब्रीड आहे, तिचा तोडा ४५ दिवसांत चालू होतो. माझा ५५-५६ ला. मधल्या दहा दिवसांत भाव खाली आलेला असतो, आणि आपली भेंडी बाजारात पोचते तेव्हा सगळ्यांचीच पोचलेली असते.

म्हणून चार वर्षं झाली, मी पहिल्या तोड्याची भेंडी बियाला ठेवतो. सगळ्यात आधी धरलेली शेंग दिसली की तिच्या देठाला लाल दोरा. ती तोडायची नाही, वाळू द्यायची. अशा दीड-पावणेदोनशे शेंगा. आठ गुंठ्याला पुरतं बी होतं. मला वाटलं, दरवर्षी दोन-दोन दिवस तरी अलीकडे येईल.

यंदा वहीत लिहून ठेवलं. टोकण १२ जूनला. पहिलं फूल २९ जुलैला. बाजाराजोगा तोडा ६ ऑगस्टला. म्हणजे ५५ दिवस. चार वर्षांपूर्वी ५६ होते. चार वर्षांत एक दिवस! आणि वर उत्पन्नही जरा कमीच वाटतंय.

एकदा हायब्रीडचं बीही धरून पाहिलं. दुसऱ्या वर्षी एक झाड कमरेएवढं, एक डोक्याच्या वर, एकाची शेंग गिड्डी, एकाची वाकडी. तो नाद सोडला.

काय चुकतंय?

---

रोहित_शेतीसेवा
९ ऑगस्ट, रात्री १०:१५

दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चार वर्षं दोरे बांधण्यापेक्षा चांगल्या हायब्रीडचं पाकीट घ्या आणि मोकळे व्हा. जी लोकं वर्षानुवर्षं यावर काम करतात त्यांच्याशी आठ गुंठ्यात बसून स्पर्धा होत नसते. केवड्याला, म्हणजे शिरा पिवळ्या पडायच्या रोगाला, तग धरणारे वाण पण मिळतात आता.

---

आबा_प्रक्षेत्रवाला
१० ऑगस्ट, सकाळी ६:०५

दत्ताभाऊ, दोरा बरोबर बांधलात, चुकीच्या जागी बांधलात. तो शेंगेला नाही, झाडाला बांधायचा असतो.

मी तीस वर्षं भाजीपाला संशोधनाच्या प्रक्षेत्रावर होतो. शास्त्रज्ञ नव्हे. टोकण करणारा, मोजणारा, वहीत लिहिणारा, आणि साहेब विचारतील तेव्हा वही काढून दाखवणारा. तेवढ्या अधिकारानं सांगतो.

एका झाडाला वीस भेंड्या लागल्या तर वीसच्या वीस एकाच आईची लेकरं. पहिल्या भेंडीतलं बी आणि अठराव्या भेंडीतलं बी यांच्यात लवकर येण्याच्या गुणाचा काही फरक नाही. पहिली शेंग 'लवकरची' असते ती त्या झाडावर. प्रत्येक झाडाला पहिली शेंग असतेच की! सगळ्यात उशिरा येणाऱ्या झाडालाही असते. तुम्ही पावणेदोनशे झाडांची एकेक पहिली शेंग घेतली, म्हणजे रानातला सरसकट नमुना गोळा केला. निवड झालीच नाही. वर्षं चार गेली, पिढ्या चार गेल्या, पण चाळण कुठं लागली नाही.

आता मला एक सांगा. तो लाल दोरा बहुतेक कुठल्या बाजूच्या झाडांवर असतो? विहिरीकडच्या का? बांधाकडेच्या ओळीत का? मी पैज लावतो.

उत्पन्न कमी का, तेही त्याच दोऱ्यात आहे. भेंडीवर एक शेंग वाळायला सोडली की झाड आपलं काम झालं असं समजतं. तोडत राहिलात तर ते फुलत राहतं. तुम्ही पावणेदोनशे झाडांना पहिल्याच शेंगेला थांबवलंत. ती झाडं पुढं किती देणार होती हे तुम्हाला कधी कळलंच नाही, आणि बी मात्र त्यांचंच धरलंत.

गोठ्यात जाऊन येतो, बाकीचं नंतर.

---

आबा_प्रक्षेत्रवाला
१० ऑगस्ट, सकाळी ९:३०

हां. तर लवकर म्हणजे काय, ते आधी ठरवू.

दिवस मोजणं सोपं, पण दिवस फसवतात. पाऊस लांबला, टोकण ओली झाली, उन्हाळी पिकाला सुरुवातीची थंडी लागली, की तीच भेंडी आठ दिवस पुढंमागं होते. शेणखताच्या ढिगाजवळचं झाड लवकर उठतं, त्यात त्याचा काय गुण? म्हणून आम्ही पेर मोजायचो, म्हणजे खोडावरची जिथून पान फुटतं ती गाठ. बियाची दोन जाड दलं जिथून फुटली तिथून वर, कितव्या पेराला पहिलं फूल आलं. लवकरच्या भेंडीत ते चौथ्या-पाचव्या-सहाव्याला येतं, उशिराच्या गावठीत आठव्या-नवव्याला. हा आकडा खतापाण्यानं इतका हलत नाही, तो बराचसा रक्तातला असतो.

आता तुमची पहिली फुलं तर होऊन गेली, मग यंदा काय करायचं असं विचाराल. काही बिघडलं नाही. भेंडी तोडली तरी देठाचा खुंट खोडाला राहतो. खालची पानं गळली तरी त्यांचे व्रण राहतात, घोड्याच्या नालेच्या आकाराचे. झाडाशी उकिडवं बसा, बोटानं खालून वर मोजत जा, पहिला खुंट लागेल तिथं थांबा. झाड स्वतःची वही स्वतःच लिहून ठेवतं.

आठ गुंठ्यात दोन फूट बाय एक फुटानं सव्वाचार-साडेचार हजार झाडं असतील. सगळी मोजू नका, वेड लागेल. रानाचे आठ चौकोन पाडा, गुंठ्या-गुंठ्याचे. कडेच्या दोन ओळी सोडा, विहिरीकडचे पाट सोडा, जिथं टोकण तुटून झाड एकटंच मोकळं वाढलंय तेही सोडा. प्रत्येक चौकोनातून आजूबाजूच्या झाडांपेक्षा खालच्या पेराला धरलेली पाच झाडं निवडा. चौकोन कशासाठी? भारी जमिनीतल्या झाडाची तुलना भारीतल्याच झाडाशी व्हावी, मुरमाडातल्याची मुरमाडातल्याशी. नाहीतर तुम्ही भेंडी निवडत नाही, माती निवडता. एकूण चाळीस झाडं झाली. खोडाला सुतळी बांधा, नंबर द्या.

आणि मग लगेच बी धरू नका. इथंच माझी फजिती झाली होती, ती सांगतो.

नोकरीत नवा होतो. लवकरच्या भेंडीची एक ओळ माझ्याकडं सोपवली होती. तीन हंगाम मी नुसता पेर बघत गेलो. ज्याचं फूल सगळ्यात खाली, ते झाड धरलं. तिसऱ्या हंगामाला चौथ्या पेराला फूल, चाळिसाव्या दिवशी तोडा. मी छाती फुगवून साहेबांना रानात घेऊन गेलो. ते गुडघ्याएवढ्या झाडांकडं बघत म्हणाले, "भेंडी लावलीयस का तीळ?" आठव्या तोड्याला झाडं म्हातारी झाली. शेजारची उशिराची ओळ सोळा-सतरा तोडे देऊन गेली.

कारण साधं आहे. भेंडीत एका पेराला एकच फळ. जितकी पेरं फळाला येतील तितकी फळं. चौथ्याला सुरू होऊन चौदाव्याला संपणारं झाड अकरा देणार. सहाव्याला सुरू होऊन पंचविसाव्यापर्यंत जाणारं वीस देणार. शिवाय चारच पानांवर फळं धरली तर त्या फळांना पोसणार कोण? पानं तर झाली पाहिजेत. म्हणून फार खालचं फूल बघून हुरळून जाऊ नका. तुमच्या नवव्याचं सहाव्यावर आलं तरी खूप झालं. आखूड कांडीचं, म्हणजे दोन पेरांमधलं अंतर कमी असलेलं झाड बघा, तेवढ्याच उंचीत जास्त पेरं बसतात. बुडातून एक-दोन चांगल्या फांद्या फुटत असतील तर सोन्याहून पिवळं.

तर त्या चाळीस झाडांची भेंडी बाजाराला तोडत राहा, पण मोजून. झाडाच्या नंबरापुढं आकडा. पहिल्या सात-आठ तोड्यांतच कोण दमतंय, कोण चालतंय ते दिसतं. शिरा पिवळ्या पडलेलं झाड चाळिसातलं असो की बाहेरचं, उपटून टाका, आणि दया दाखवू नका. शेवटी बारा-पंधरा झाडं उरतील. त्यांवर मग तीन-चार शेंगा वाळायला सोडा. एकाच झाडावर कधी येऊ नका. बारा-पंधरा ठेवली तर आईच्या भेंडीतली विविधता टिकते, ती गेली की परत आणायला माहेरही उरत नाही.

रोहितभाऊ, तुमचं चुकीचं नाही. नुसती भेंडी विकायची असेल तर पाकीट बरं. पण दत्ताभाऊंची वीस गिऱ्हाइकं पाकिटातली भेंडी घेत नाहीत, असं ते सुरुवातीलाच सांगतायत. आणि ते स्पर्धा करतच नाहीयेत, आपलीच भेंडी दहा दिवस अलीकडं ओढतायत. 'लोकं वर्षानुवर्षं काम करतात' म्हणालात, ते काम म्हणजे शेवटी हेच आहे: दोरा, नंबर, वही. परभणीच्या विद्यापीठाची परभणी क्रांती घ्या. पुसा सावनीचा एका रानटी भाऊबंदाशी संकर केला, तो रानटी गडी केवड्याला जुमानत नव्हता. मग पुन्हा पुसा सावनीकडं वळवून पिढ्यान्‌पिढ्या निवड करत आठव्या पिढीपर्यंत गेले, तेव्हा ती १९८०च्या दशकात शेतकऱ्याच्या हातात आली. हायब्रीड नव्हे ती, बी धरता येतं तिचं. पुढं केवडाही हुशार झाला आणि तिचा टिकाव कमी झाला, ते वेगळं.

---

सुनंदा_रोहा
१० ऑगस्ट, दुपारी २:५०

आबा, तुमचं वाचून आमच्या सासूबाई आठवल्या. त्यांनीही असंच केलं होतं, पण वालावर.

आमच्याकडे कडवे वाल भात कापल्यावर, त्याच ओलीवर टाकतात. शेंगा भरतात तेव्हा पोपटी लावायचे दिवस. मडकं, भांबुर्डीचा पाला, तुम्हाला देशावर काय सांगायचं! तर पुण्याच्या पाहुण्यांना गणपतीत ओल्या शेंगा खायला घालायच्या म्हणून सासूबाईंनी एकदा जूनमध्येच परसात वाल टाकला. वेल पत्र्यावर गेला, शेजाऱ्याच्या पत्र्यावर गेला, हत्ती लपेल एवढा पाला, आणि फूल एक नाही. गणपती गेले, नवरात्र गेलं. दिवाळीच्या पुढेमागे फुलला. त्या चार महिने रोज त्याला पाणी घालत होत्या.

पुढे कृषी सहायकांनी सांगितलं की वालाला रात्र मोठी झाल्याशिवाय फूल सुचतच नाही. कधीही पेरा, तो दिवस लहान व्हायची वाट बघत बसतो. मग लवकर पेरून उपयोग काय? दापोलीच्या विद्यापीठाने कोकण भूषण काढला, बंगळूरहून अर्का जय, अर्का विजय आहेत. हे बुटके, वेल न जाणारे, आणि दिवस लहान की मोठा याची पर्वा नसलेले. कधीही पेरा, ठरल्या दिवसांत फुलतात. मी लावलेत. भाजीला छान. पण बिरड्याला आमचा कडवाच, त्यात तडजोड नाही.

माझा प्रश्न: भेंडीचंही असं काही असतं का? म्हणजे दत्ताभाऊ नुसते वाट बघत बसायचे आणि भेंडी दिवसाकडे बघत बसायची.

---

आबा_प्रक्षेत्रवाला
१० ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

सुनंदाताई, चांगलं विचारलंत. भेंडीही मुळात लहान दिवसाकडं कललेली, काही जुने गावठी वाण मोठ्या दिवसांत फुलायला कुरकुर करतात. पण वालासारखा हट्ट नाही. दत्ताभाऊंची तर जूनच्या टोकणीला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसांत, ४७ दिवसांत फुललीय. तिला दिवसाची फारशी अडकाठी नाही. तरी उन्हाळी आणि खरीप दोन्ही हंगामांत पेर मोजून ठेवा, फरक किती पडतो ते दिसेल.

---

दत्ता_विहिरीचामळा
१० ऑगस्ट, रात्री ८:२०

आबा, पैज जिंकलात. आज जाऊन पाहिलं. १६३ दोरे, त्यातले शंभरावर विहिरीकडच्या चार ओळींत. तिथं पाटाचं पाणी पाझरतं. म्हणजे मी चार वर्षं पाझराचं बी धरत होतो.

पेरंही मोजली. बहुतेक आठवं, नववं. पण पाचव्या चौकोनात, मुरमाडाकडं, दोन झाडं सापडली, पहिला खुंट सहाव्या पेराला! उंचीनं बेताची, कांडी आखूड. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नव्हतं, ती बाजू हलकी म्हणून.

दोन शंका. शेजारचं हायब्रीड बांधाला लागूनच आहे. मधमाशा इकडच्या तिकडं फिरतात. त्याचं काही मिसळतं का? आणि सगळ्या झाडांचं बी एकत्र केलं तर चालेल?

---

आबा_प्रक्षेत्रवाला
११ ऑगस्ट, सकाळी ६:२०

मिसळतं. भेंडी आपल्याच परागावर भागवू शकते, पण फूल मोठं, पिवळंधमक, माशा-भुंगे येणारच. साधारण ४ ते १९ टक्के बी परक्या बापाचं असतं, काही ठिकाणी ४२ टक्क्यांपर्यंत मोजलेलं आहे. बांधाला लागून हायब्रीड म्हटल्यावर निम्मा खेळ माशांच्या हातात.

उपाय स्वस्त आहे. भेंडीचं फूल सकाळी उमलतं, दुपारनंतर मिटतं, दुसरा दिवस बघत नाही. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखू येते. ती बाकीच्यांपेक्षा लांबोडकी होते आणि टोकाला हिरव्यातून पिवळसर पाकळी डोकावायला लागते. त्या टोकाला शिवणाच्या दोऱ्याचे दोन वेढे देऊन हलकी गाठ मारा. आवळू नका, पाकळ्या उघडू नयेत एवढंच. सकाळी फूल आतल्या आत फुलतं, आपल्याच परागानं भागवतं, माशी बाहेर भिरभिरत राहते. देठाला रंगीत लोकरीचा तुकडा बांधून ठेवा, नाहीतर महिन्यानं कुठली शेंग बांधलेली आणि कुठली उघडी ते तुम्हालाही कळणार नाही. घाईत तोडणाऱ्या बायकांनाही लोकर लांबून दिसते. दिसली तरी तोडतील म्हणा, आधी सांगून ठेवा.

फुलापासून शेंग वाळायला पस्तीसेक दिवस धरा. तपकिरी झाली, धारांवर तडकायला लागली की काढा. पावसात भिजत ठेवू नका, आतलं बी बुरशीनं काळं पडतं.

बी एकत्र करायचं नाही. हेच महत्त्वाचं. एका झाडाचं एका पाकिटात, वर नंबर, पेर, किती भेंड्या दिल्या ते लिहायचं. पुढच्या हंगामाला प्रत्येक पाकिटातलं निम्मंच बी काढायचं आणि एकेका झाडाची एकेक ओळ लावायची, वीस-वीस झाडांची. सहाव्या पेराचं झाड खरंच रक्तानं लवकरचं असेल तर त्याची अख्खी ओळ सहा-सातवर फुलेल. मुरमाडात भुकेनं लवकर फुललं असेल तर ओळ पुन्हा आठ-नऊवर जाईल. झाडाला बघून कळत नाही, लेकरं बघून कळतं. ओळीचा निकाल लागला की चांगल्या ओळींचं राखलेलं निम्मं बी वापरायला मोकळे. बाजाराच्या पिकासाठी बाकीचं बी नेहमीसारखं टोका, धंदा थांबवू नका.

तुमच्या त्या हायब्रीडच्या उनाड पिढीबद्दलही एक. ती वाया गेलेली नव्हती. संकराच्या बियात आई-बापाचे गुण पत्त्यासारखे पिसले जातात, म्हणून कमरेएवढं, डोक्याएवढं, सगळं निघतं. त्यातलं लवकरचं आणि भरपूर देणारं एखादं झाड धरून कळ्या बांधत गेलात, तर दर पिढीला भेसळ निम्म्यानं कमी होते. सहा पिढ्यांनी दीड-दोन टक्क्यांवर येते. भेंडीचे खरीप-उन्हाळी दोन हंगाम धरले तर तीन वर्षं. पण त्यात आईच्या भेंडीची चव नसेल. ती हवी असेल तर आईच्या भेंडीचाच लवकरच्या वाणाशी संकर करावा लागेल. ते दिवाळीनंतर बोलू, आधी हे जमू द्या.

---

रोहित_शेतीसेवा
११ ऑगस्ट, सकाळी ११:४५

आबा, पाकिटाच्या दुकानात बसून हे कुणी सांगितलं नव्हतं. २००१च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचाही हक्क आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकायचं नाही, एवढं माहीत होतं. हक्क आहे पण राखायचं कसं, हे माहीत नव्हतं.

दत्ताभाऊ, जमलं तर मूठभर बी मला.

---

दत्ता_विहिरीचामळा
११ ऑगस्ट, रात्री ८:५५

संध्याकाळी बायकोला घेऊन गेलो. तिची बोटं बारीक, माझ्यानं गाठ बसेना. अकरा कळ्या बांधल्या, दोन मी मोडल्या. मुरमाडातल्या दोन झाडांच्या मिळून तीनच कळ्या तयार होत्या, त्या तिनं बांधल्या, मला हात लावू दिला नाही. लोकर नव्हती, तिच्या जुन्या स्वेटरचा धागा उसवला, जांभळा.

आबा, कळीच्या देठावर मुंग्या आणि मावा दिसतोय, बांधलेल्या कळीत शिरतील का? आणि रोहितभाऊ, बी मिळेल, पण तीन वर्षं थांबा.